दोन पंचमांश

दुपारचे दोन वाजले की मला अजूनही घरात एका जागी बसवत नाही. भोपाळजवळच्या मिसरोदमधल्या या फ्लॅटमध्ये त्या वेळी माझ्याशिवाय कोणी नसतं. मुलगा आणि सून कामावर गेलेली असतात, भांडीवाली बाई एक वाजताच आपलं आटोपून जाते. मग दोन वाजतात, आणि कोणीतरी मला विचारतं, "समजलं?" आवाज सोळा वर्षांच्या मुलीचा असतो, जरा दमलेला, पण चिडलेला मुळीच नाही. चिडलेला असता तर बरं झालं असतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. पोरांच्या वह्या तपासता तपासता माझी पाठ वाकली, भुतांवर विश्वास ठेवायला सवड कुठे होती? पण ही माझ्या मोठ्या बहिणीची, ताईची हाक आहे, आणि ताईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या हाकेला काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक आहे. नऊ वर्षांची होते तेव्हाही ठाऊक होतं. तेच तर सांगायचं आहे.

आम्ही मूळचे नागपूरचे. बाबा तिथे सचिवालयात कारकून होते. देशाची राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा नागपूर गेलं मुंबईकडे आणि बाबांचं ऑफिस आलं भोपाळला. फायली खोक्यांत भरून निघाल्या, तशी माणसंही भरून निघाली. आमच्या घरातलं सामानही तसल्याच फळ्यांच्या खोक्यांत, खिळे ठोकून, वर बाबांचं नाव आणि हुद्दा काळ्या रंगानं लिहून आलं. आई, बाबा आणि आम्ही चार भावंडं. ताई सोळाची, दादा तेराचा, मी नऊची आणि धाकटा सहाचा.

पुढे ज्याला सगळे टी. टी. नगर म्हणायला लागले, तिथे तेव्हा नवे क्वार्टर नुसते उभे होते. झाड औषधालाही नाही. काळी माती, तिच्यात बांधकामाचा चुना सांडलेला, आणि वारा सुटला की ते सगळं आमच्या ताटात. आईला पहिल्याच महिन्यात दमा लागला. ती दाराला ओला पंचा टांगून बसायची आणि म्हणायची, इथे माणसं राहायला आली आहेत की पुरायला. बाबा म्हणायचे, सहाच महिने.

हे 'सहाच महिने' म्हणजे आमच्या घरातलं दैवत होतं. बाबांनी लिहून दिलं होतं की मला मुंबईकडच्या राज्यात घ्या, नागपूरला परत पाठवा. तसं लिहून देणारे आमच्या ओळीत घरटी एक तरी होते. आज ना उद्या ऑर्डर येणार याची त्यांना इतकी खात्री, की आमच्या शेजारच्यांनी भिंतीत खिळा मारला नाही, देवाची तसबीर जमिनीवरच टेकवून ठेवली. आमच्याकडे सात खोकी होती. सहा उघडली. सातवं, लग्नातली मोठी भांडी आणि आईचा आरसा असलेलं, बाबांनी उघडू दिलं नाही. पुन्हा कोण खिळे ठोकत बसणार, म्हणे.

आणि याच हिशेबानं आम्हा चौघांना शाळेत घातलं नाही. जवळची शाळा हिंदी. मुलं हिंदीत गेली आणि सहा महिन्यांनी नागपूरला परतली, तर धड इकडची नाहीत न धड तिकडची, वर्ष फुकट. त्यापेक्षा घरीच नागपूरची पुस्तकं शिकवू, परत गेलो की थेट परीक्षेला बसवू. नागपूरला आमचे काका होते, ते शाळेतून विचारून कुठपर्यंत शिकवून झालं ते दर महिन्याला पत्रानं कळवायचे. बाबांना ही युक्ती फार पसंत होती. इतर कुठल्या माणसानं ही चूक केली नसती. ज्याला परत जायचंच आहे, त्यालाच असलं काही सुचतं.

शिकवणार कोण? आई मराठी चौथी शिकलेली, त्यात दम्यानं बेजार. बाबा दहाला जायचे ते साडेसहाला यायचे. राहिली ताई. ताईचं स्वतःचं मॅट्रिकचं वर्ष. तिचा फॉर्म बाहेरून बसणारी म्हणून नागपूर केंद्रावर भरला होता. ठरलं असं की अकरा ते दोन तिनं आम्हाला शिकवायचं आणि दोनपासून पाचपर्यंत स्वतःचा अभ्यास करायचा. पाचनंतर चूल, पाणी, आईचं औषध, हे होतंच.

अकरा वाजले की ताई पितळी ताटलीवर उलथनं वाजवायची. घंटा झाली! आम्ही तिघं मोकळ्या खोक्यांपुढे मांडी घालून बसायचो. खोक्यावर बाबांचं नाव आणि हुद्दा, म्हणून दादा रोज म्हणायचा की आपण कारकुनाच्या डोक्यावर पाटी ठेवून शिकतोय, आणि रोज मार खायचा. ताई हजेरी घ्यायची. तीन पोरांची हजेरी. मला तेव्हा त्यात काही विनोदी वाटलं नाही.

तीन वयांची तीन मुलं एकदम कशी शिकवायची हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आठ दिवस ती एकाकडून दुसऱ्याकडे धावली, आणि धाकट्याला अक्षर गिरवायला बसवलं की दादा पळून जायचा. मग तिनं आपल्या डोक्यानं एक रीत काढली. मी पुढे शिक्षिका झाले, सरकारी प्रशिक्षणं केली, शहाण्यासुरत्या लोकांची व्याख्यानं ऐकली, पण त्या रीतीच्या तोडीचं काही पाहिलं नाही. ती सगळ्यांना एकच धडा द्यायची, आणि तो धडा जमिनीवर असायचा.

आमच्या बाहेरच्या खोलीत चौकोनी फरश्या होत्या. ताई खडूनं त्यातल्या सहा आखून घ्यायची. धाकट्यानं त्या मोजायच्या, एक ते सहा आणि उलट. मला विचारायची, यातल्या अर्ध्या किती? तृतीयांश किती? दोन्ही मिळून एकूणात किती? दादाला म्हणायची, एका फरशीची बाजू क्ष धर आणि सगळ्यांचं क्षेत्रफळ मांड. आणि आमच्या माना खाली असल्या की त्याच सहा फरश्यांत ती स्वतःसाठी तिरकी रेघ ओढून तिची भूमिती बघायची. एवढ्याशा जागेत चार इयत्ता. कोणी रिकामं नाही, कोणी कोणाच्या पायात नाही. दूधवाला एकदा दारात उभा राहून बघतच राहिला आणि आपल्या भोपाळी हेलात म्हणाला, "को खां, ये तो पूरा मदरसा खोल लिया बिटिया ने."

तिचा एकच नियम होता. ज्याला समजलं नाही त्यानं दोन वाजता उठायचं नाही, थांबायचं. आणि तो थांबला की ताईही थांबायची. कोणी 'समजलं नाही' म्हटलं की तिला सोडून उठताच यायचं नाही. तिचा स्वभावच तो.

आता माझं सांगते.

दिवाळीनंतरचा एक रविवार. बाबा मागच्या ओट्यावर दाढी करत होते, आई बाजूला तांदूळ निवडत होती. मी न्हाणीघरात होते, मधे नुसतं एक दार. बाबा म्हणाले, ऑर्डर येवो न येवो, ही मॅट्रिक झाली की हिला नागपूरला ठेवू, काकांकडे राहील, कॉलेजात जाईल, मग ट्रेनिंग करून मास्तरीण होईल. आई म्हणाली, होऊ दे, माझ्यासारखं नको तिला. एवढं मी ऐकलं आणि कडी काढून तडक बाहेर पळाले.

मी थांबले असते तर पुढचं ऐकलं असतं. ते मला फार नंतर आईनं सांगितलं. बाबा पुढे म्हणाले होते की नापास झाली तर मात्र हिचा हात धरून ठेवता येणार नाही. वर्ध्याच्या पलीकडच्या एका तालुक्याच्या गावचं स्थळ आलं होतं, दुकानदार माणसं, मुलगा बरा, आणि त्यांना सून लवकर हवी होती. मॅट्रिक झाली म्हणून सांगता आलं तर त्यांना नाही म्हणायला तोंड होतं. नाहीतर नाही. म्हणजे ताईचं सगळं आयुष्य त्या मार्चच्या पेपरांवर टांगलेलं होतं, आणि मला त्यातलं एवढंच कळलं होतं की ती पास झाली की जाणार.

ती गेली तर माझं काय, हा माझा सगळा विचार. आई दिवसभर धापा टाकत पडलेली, बाबा घरात नाहीत, बाहेर एक झाड नाही, बोलायला मराठी पोर नाही. ताई म्हणजे माझी वेणी, माझं जेवण, माझी गोष्ट. मला ती कोणालाही द्यायची नव्हती. मी चांगली मुलगी नव्हते, हट्टी होते, आणि अक्कल मात्र मला देवानं नको तितकी दिली होती.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला अपूर्णांकांची बेरीज शिकवली. अर्धा अधिक एक तृतीयांश. सहा फरश्या आखल्या. म्हणाली, अर्ध्या म्हणजे तीन, तृतीयांश म्हणजे दोन, तीन नि दोन पाच, सहातल्या पाच. पाच षष्ठांश. मला ते पहिल्या झटक्यात समजलं. इतकं लख्ख समजलं की अंगावर काटा आला. गणितानं मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद दिला तो त्या क्षणी, त्या फरशीवर.

"समजलं?" ताईनं विचारलं.

मी म्हणाले, "नाही."

आणि पाटीवर अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, आणि लिहिलं, दोन पंचमांश.

दोन वाजले. दादा आणि धाकटा उठले. मी थांबले, ताई थांबली. तिची भूमितीची वही खोक्यावर मिटलेलीच राहिली. तिनं मला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तीनला मी पुन्हा लिहिलं, दोन पंचमांश.

हे दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत चाललं. मी काही रोज एकसारखं चुकत नसे. तेवढी मी पक्की होते. एखाद्या दिवशी बरोबर सोडवायची, की ताईचा चेहरा फुलायचा, ती पटकन आपली वही ओढून घ्यायची, पेन्सिलीला टोक काढायची. आणि मी दुसऱ्या दिवशी परत चुकायची. कधी नुसती छेदात चुकायची, कधी हातच्यात. चुकीची उत्तरं पटण्यासारखी द्यायला फार अक्कल लागते. ज्याला खरोखर समजलेलं नाही त्याला ते जमत नाही. पुढे माझ्या वर्गात असल्या पोरी मी बरोबर हेरायची, आणि त्यांना कधी रागावले नाही.

ताईनं काय काय केलं नाही माझ्यासाठी! भाकरीचे तुकडे केले. पेरू कापले. तेव्हा जवाहर चौकाकडे चारच टपऱ्या होत्या, तिथून दादाला पाठवून रंगीत कागद आणवले आणि त्यांच्या पट्ट्या कातरल्या. आईच्या जुन्या लुगड्याला घड्या घालून दाखवल्या. एकदाही तिनं मला ढ म्हटलं नाही. म्हणायची, माझंच सांगायचं चुकतंय कुठेतरी, थांब, दुसऱ्या रीतीनं सांगते. मला तिच्या मांडीला टेकून बसायला मिळायचं. तिच्या हाताला खडूचा आणि हिंगाचा वास यायचा. मी जन्मात त्याहून सुखी कधी नव्हते, हे सांगायला मला आज लाज वाटते, पण खरं आहे.

तिला वर्तुळाचे सिद्धांत अडले होते. विचारायला कोणी नव्हतं. काकांना लिहिलं तर उत्तर यायला पंधरा दिवस. स्वतःच झगडायला हवं होतं, आणि झगडायला दोन ते पाच ही वेळ होती. ती वेळ मी खाल्ली.

मार्चमध्ये बाबा तिला घेऊन नागपूरला गेले. परत आली तेव्हा आईनं विचारलं, कसे गेले पेपर? ताई म्हणाली, बाकीचे चांगले. एवढंच म्हणाली आणि हातपाय धुऊन घंटा वाजवायला गेली.

निकाल जूनमध्ये काकांच्या पत्रातून आला. गणितात गेली. पाच मार्कांनी.

त्याच सुमारास बाबांनाही कागद मिळाला. त्यांची मागणी मान्य झाली नव्हती, आता कायमचे इकडचेच. बाबांनी तो कागद दोनदा वाचला, कुठूनशी पक्कड शोधून आणली आणि सातवं खोकं उघडलं. आईचा आरसा फुटलेला निघाला. 

संध्याकाळी स्थळाचा विषय निघाला. ताई, आई आणि बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते. मी आणि धाकटा उंबऱ्यावर. आई म्हणाली, ऑक्टोबरची परीक्षा असते ना, फक्त गणित द्यायचं आहे, पोरीला एक संधी द्या. बाबा म्हणाले, त्या लोकांना चातुर्मास लागायच्या आत कार्य उरकायचं आहे, ते थांबायचे नाहीत. पण त्यांचा आवाज ठाम नव्हता. मग त्यांनी ताईलाच विचारलं. त्या काळी मुलीला असं कोणी विचारत नसे, पण बाबांनी विचारलं, "तुला काय वाटतं? ऑक्टोबरला बसशील? बसणार असशील तर मी त्यांना नाही कळवतो."

ताई जमिनीकडे बघत होती. तिथे आदल्या दिवशीच्या सहा फरश्या आखलेल्या होत्या.

ती म्हणाली, "नको बाबा. मला एवढ्याशा पोरीला अपूर्णांक शिकवता आले नाहीत चार महिन्यांत. मी कसली गणितात पास होते, आणि कसली मास्तरीण होते."

ती हे रडून म्हणाली नाही. हिशेब मांडल्यासारखं म्हणाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईनं पाहिलं. मला फक्त तीन शब्द म्हणायचे होते. मला येतं, ताई. तोंडापर्यंत आलेही होते. पण मार पडेल अशी भीती वाटली, आणि दुसरं म्हणजे मला वाटलं, बरं झालं, आता ही नागपूरला जायची नाही. लग्न म्हणजे काय हे नऊ वर्षांच्या मुलीला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. ठाऊक होतं. पण लग्न म्हटलं की मला मांडव आणि लाडू दिसायचे. त्यानंतर नवरी उठून जाते, ते दिसायचं नाही. मी गप्प बसले.

पंधरा दिवसांत लग्न झालं. नागपूरलाच, काकांच्या घरी. तिथून ती परस्पर सासरी गेली आणि आम्ही पाच माणसं भोपाळला परत आलो. बाहेरच्या खोलीत त्या सहा फरश्या तशाच. आई फडक्यानं लादी पुसायची ती त्या सोडून. कोणी पाय द्यायचं नाही. अकरा वाजले की आपोआप आमच्या माना ताटलीकडे वळायच्या. दोन वाजले की मी भिंतीकडे तोंड करून निजायची. तेव्हापासून ही हाक चालू आहे.

जुलैमध्ये आम्हाला हिंदी शाळेत घातलं. कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला तिथल्या मास्तरांनी माझी पाटी मागून घेतली आणि पाच गणितं घातली. पाचही अपूर्णांकांची. मी ती उभ्या उभ्या सोडवली. हात आपणहून चालला, चुकायचं कारणच उरलं नव्हतं. मास्तर खूश झाले. बाबांना म्हणाले, इसे किसने पढ़ाया? बाबा म्हणाले, बड़ी बेटी ने. आणि म्हणता म्हणता थांबले.

येताना वाटेत त्यांनी सायकल हातात धरली आणि पायी चालू लागले. बऱ्याच वेळानं विचारलं, तुला येत होतं? मी म्हणाले, आता आता यायला लागलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी ताईलाही कधी लिहिलं नाही, आणि आईलाही सांगितलं नसावं. पण त्या दिवसापासून माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ते गणिताचे मार्क कधी वाचत नसत. कायम पैकीच्या पैकी असायचे, आणि ते सही करून पुस्तक उलटं ठेवायचे. वडिलांचा तो हात मला मारापेक्षा जास्त लागला.

मी गणितात बी.एस्सी. केलं. जे ताईनं व्हायचं ते मी झाले, भोपाळातच, हिंदी शाळेत. फळ्यापुढे उभी राहून मी विचारायची, समझ में आया? आणि कोपऱ्यातली एखादी मुलगी म्हणायची, नहीं. मी फळ्यावर पुन्हा सहा चौकोन आखायची. दरवेळी. एकतीस वर्षं.

ताईचं तसं वाईट झालं नाही. भाऊजी सज्जन होते. दोन मुलगे झाले, सुना आल्या. मी उन्हाळ्यात जाऊन राहायची. एकदा भाऊजी हसत हसत म्हणाले की गावात बालवाडी निघाली तेव्हा लोक हिला बोलवायला घरी आले होते, मी म्हटलं जा, पण ही म्हणते मला शिकवता येत नाही, मी करून बघितलं आहे. सगळे हसले, ताईही हसली. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि माठापाशी उभी राहिले. तेव्हाही बोलता आलं असतं. तेव्हा मी चाळिशीची होते, मार पडायची भीती नव्हती. पण इतक्या उशिरा सांगून आता काय उपयोग, असं स्वतःला समजावलं. आपल्याला सोयीचं असलं की आपण किती शहाणे होतो.

शेवटी बोलले ती ताई सत्तरीपुढे गेल्यावर. भाऊजी वारले होते. मी महिनाभर राहायला गेले होते. दुपारची वेळ, आम्ही दोघी पडवीत बसलो होतो, आणि तिची नात, नऊ वर्षांची, वही घेऊन आली. आजी, हे सांग ना. अपूर्णांक होते. ताई म्हणाली, मला नको विचारू बाई, मला नाही शिकवता येत. या तुझ्या मावशीआजीला विचार. तिलाही माझ्याकडून कधी हे आले नाहीत, शाळेत गेल्यावर आले.

ती हे गमतीनं म्हणाली. इतकी वर्षं ती हे गमतीनं म्हणत आली असणार. घड्याळात दोन वाजत आले होते, ते मी बघितलं होतं. मी पोरीला म्हटलं, तू जरा आत जा. मग ताईला सांगितलं.

"ताई, मला येत होतं. पहिल्याच दिवशी आलं होतं. मी मुद्दाम चुकत होते."

ती सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला. मी वाट बघत होते की ती मॅट्रिकचं काही म्हणेल, त्या पाच मार्कांचं म्हणेल, निदान मला एक थोबाडीत देईल. तिनं अडकित्ता खाली ठेवला. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते मी आधी ओळखलंच नाही. भाकरीचे तुकडे करताना मी एखाद्या दिवशी बरोबर उत्तर दिलं की जसं हलायचं, तसं.

"म्हणजे मी बरी शिकवत होते," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. मी हो म्हणाले. म्हणाले, तुझ्यासारखं शिकवणारं मी पुन्हा पाहिलं नाही, मी आयुष्यभर तुझंच शिकवलं, तुझ्याच फरश्या फळ्यावर काढल्या. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

"पण का गं?" तिनं विचारलं.

"तू नागपूरला गेली असतीस."

ती माझ्याकडे वळली. रागानं नाही. दमलेली होती, बस.

"गेलेच की मी," ती म्हणाली.

 तिनं नेहमीसारखा चहा केला, माझ्या कपात साखर कमी घातली. रात्री माझं अंथरूणही तिनंच घातलं.

सकाळी मी उठले ती खडूच्या आवाजानं. फरशीवर खडू ओढला की जो आवाज येतो तो मी मेल्यावरसुद्धा ओळखीन. मी दारात आले. ताई पडवीत खाली बसली होती, गुडघे दुखत असताना. समोर सहा फरश्या आखलेल्या. नात तिच्या मांडीला टेकून बसली होती. अर्ध्या किती? तीन. तृतीयांश किती? दोन. मिळून किती? तोच आवाज, तीच रीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटले मी. उशिरा का होईना, जे घेतलं होतं ते तिला परत दिलं.

"समजलं?" ताईनं विचारलं.

नात म्हणाली, "नाही."

पोरीला खरंच समजलं नव्हतं. वही उलटी धरली होती तिनं, मला दारातूनही दिसत होतं. आधीची ताई लगेच म्हणाली असती, थांब, माझंच सांगायचं चुकतंय. पण ती खडू हातात धरून त्या एवढ्याशा पोरीच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगतेस ना?"

पोरगी गोंधळली. ताईनं मान वर केली आणि दारात मी दिसले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग तिनं पदरानं त्या सहा फरश्या पुसल्या आणि नातीला म्हणाली, जा, शाळेतल्या बाईंना विचार.